लसीकरणाचा हिशोब मागायचा की नाही?

गोदाकाठ

वडिलांचा मोबाइल आम्ही ते गेल्यावरही बरेच महिने चालू ठेवला होता. बँकेचे ओटीपी त्यावर यायचे म्हणून. कपाटाच्या खणात चार्जरला लावलेला असायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये एका दुपारी त्यावर मेसेज आला की तुमचा दुसरा डोस यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. वडील मे महिन्यातच गेले होते, कोरोनानेच. पहिला डोस मार्चमध्ये घेतला होता, दुसऱ्याची वाट बघत होते. आधी सहा ते आठ आठवड्यांनी म्हणाले, मग १३ मे रोजी कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. तोवर ते हॉस्पिटलात होते.

मी प्रमाणपत्र डाउनलोड करून पाहिलं. वडिलांचं नाव, वय, आधारचे शेवटचे चार आकडे, लस देणाऱ्याचं नाव, केंद्राचं नाव, तारीख. सगळं व्यवस्थित. फक्त माणूस नव्हता.

मी लसविरोधी नाही हे आधीच सांगते. तिन्ही डोस घेतलेत, पुन्हा वेळ आली तर पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन. पण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेल्या आणि १७ जुलै २०२२ ला २०० कोटी डोसचा टप्पा गाठलेल्या मोहिमेची स्वतंत्र, उघड तपासणी व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. नोंदी किती खऱ्या, लस कुठल्या भावाने कुणी घेतली, गंभीर दुष्परिणामांच्या तक्रारींचं पुढे काय झालं. ब्रिटनमध्ये कोविडची सार्वजनिक चौकशी बसली, तिचा एक अख्खा भाग लशींवर आहे, साक्षी सगळ्यांसमोर झाल्या. कर्नाटकाने २०२३ मध्ये कोविडकाळातल्या खरेदीसाठी न्या. जॉन मायकल डिकुन्हा यांचा आयोग नेमला. देशपातळीवर आपल्याकडे असं काहीच का नाही?

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी

ताई, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे, आणि तो सरकारची बाजू घ्यायची म्हणून नाही.

आधी तुमच्या मेसेजचं. एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी होत असे. केंद्रावर तीनशे माणसं, सर्व्हर अडकलेला, ऑपरेटर पोरगा सकाळपासून उपाशी. घरातल्या दुसऱ्याच्या डोसची नोंद वडिलांच्या नावावर पडणं अगदी शक्य आहे. असल्या चुकीला घोटाळा म्हणू नका.

आता मूळ मुद्दा. चौकशीची भाषा सुरू झाली की लोकांच्या कानावर एवढंच पडतं की लशीत काहीतरी काळंबेरं होतं. २०२२ च्या शेवटी मालेगावात गोवराची साथ आली, आठवतं? गोवराची लस किती वर्षांपासून फुकट मिळते, तरी मुलं लशीविना राहिली होती. आम्ही दारोदार फिरत होतो आणि आया विचारायच्या, ही ती कोरोनावालीच ना? विश्वास उडाला की तो फक्त एका लशीवरचा उडत नाही.

इतिहासही बघा. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हाफकिनच्या प्लेगच्या लशीनंतर १९ माणसं धनुर्वाताने गेली. चौकशी बसली, ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिनला बाजूला केलं. तो निर्दोष होता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. तोवर त्या माणसाची उमेदीची वर्षं गेली. घाईची चौकशी हे करते.

अंबडचा_फिटर

डॉक्टर, विश्वास उडायला चौकशी लागत नाही, पैसे लागतात. मी ३१ वर्षांचा होतो. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वाल्यांना लस खुली केली, पण केंद्राने आमची जबाबदारी झटकली. तीच कोविशील्ड केंद्राला १५० रुपयांत, राज्यांना ३००, खाजगी हॉस्पिटलला ६००. राज्याकडे साठाच नव्हता, मे महिन्यात आमच्या गटाचं लसीकरण थांबलं. आमचा कंत्राटदार म्हणाला, दाखल्याशिवाय गेट पास नाही. मग जून संपताना मी आणि बायकोने खाजगी केंद्रावर ७८० प्रमाणे १५६० रुपये भरून घेतली. महिन्याचा किराणा होता तो.

३१ मेच्या आदेशात सुप्रीम कोर्टानेच या धोरणाला सकृद्दर्शनी मनमानी म्हटलं होतं. बजेटमधले ३५ हजार कोटी कुठे आणि कसे खर्च होताहेत तेही विचारलं होतं. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण फिरवलं, २१ जूनपासून ७५ टक्के लस केंद्र घेणार असं ठरलं. म्हणजे चूक होती. ती कुणी केली हे विचारायचं नाही का?

सातपूरकर

भाऊ, तुम्हीच तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलंत. कोर्टाने विचारलं आणि आठवड्यात धोरण बदललं. यालाच देखरेख म्हणतात. पाच महिन्यांत १०० कोटींच्या दिशेने गाडी लागली, २१ ऑक्टोबरला तो आकडा गाठलाही. एवढ्या मोठ्या देशात, बहुतेक सगळी देशात बनलेली लस, बहुतेकांना फुकट. मी स्वतः अठरा दिवस नाशिकच्या बायटको हॉस्पिटलात होतो, शेजारची खाट दोनदा रिकामी झालेली पाहिली. त्यानंतर लस मिळाली तेव्हा मी केंद्राच्या पायरीवर डोकं टेकलं होतं. आता पाच वर्षांनी आयोग बसवून काय मिळणार? आणखी एक अहवाल, आणखी काही निवृत्त न्यायाधीशांची सोय. तो पैसा ग्रामीण रुग्णालयांत घाला.

गोदाकाठ

सातपूरकर, तुमची खाट आणि तुमची पायरी दोन्ही मला समजतात. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या नाशकात डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि २२ रुग्ण गेले. त्यानंतर राज्याने चौकशी नेमलीच ना? तेव्हा कुणी म्हणालं नाही की चौकशी केली तर लोकांचा ऑक्सिजनवरचा विश्वास उडेल.

डॉक्टर, घरातल्या दुसऱ्याच्या डोसचं म्हणाल, तर तेही तपासलं. त्या नंबरवर फक्त आई होती आणि तिचा दुसरा डोस जूनमध्येच झाला होता. तुम्ही म्हणता तशी निव्वळ चूक असेलही. पण विचारायचं कुणाला? हेल्पलाइनने केंद्राकडे पाठवलं, केंद्राने वरच्या कार्यालयाकडे, तिथून पुन्हा हेल्पलाइनकडे. मी घोटाळा म्हटलेलंच नाही. अशा किती नोंदी आहेत हे मोजलं का, एवढंच विचारते आहे.

मुल्कोवालचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ती गोष्ट माझ्या बाजूची आहे. हाफकिन सुटला कशाने? साक्षींचे कागद बाहेर आले म्हणून. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे साक्षीत होतं. ते कागद वर्षानुवर्षं दडून राहिले म्हणून त्याचा बळी गेला. पहिल्याच वर्षी सगळं छापलं असतं तर प्रयोगशाळाही वाचली असती आणि शास्त्रज्ञही.

नको_ती_सक्ती

ताई, स्पष्ट लिहा ना मग. सगळे हार्ट अटॅक लशीमुळेच येताहेत, म्हणून आकडे दाबलेत. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही.

गोदाकाठ

नाही, हे मी लिहिणार नाही, कारण ते मला पटत नाही. त्याच निकालात कोर्टाने लसीकरणाचं धोरण योग्य ठरवलं आहे, तेवढं तुम्ही गाळलंत. सरकारच्या समितीने मे २०२१ मध्ये सांगितलं की कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांच्या संभाव्य केसेस दहा लाख डोसमागे ०.६१ आहेत. म्हणजे फार क्वचित. पण त्या क्वचितमध्ये ज्याचं माणूस गेलं त्याला काय? ब्रिटनमध्ये लशीमुळे गंभीर अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला असं ठरलं तर १ लाख २० हजार पौंड मिळतात. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं की भरपाईची जबाबदारी आमची नाही, दिवाणी कोर्टात जा. सगळ्यांच्या भल्यासाठी दंड पुढे केला, तर त्या एकाचं दुःख सगळ्यांनी वाटून घ्यायला नको?

त्या निकालात आणखी एक आदेश होता. दुष्परिणामांच्या तपासाचे निष्कर्ष लोकांना सहज पाहता यावेत, आणि खाजगी डॉक्टरांना व सामान्य माणसालाही तक्रार नोंदवता यावी. त्याची अंमलबजावणी नाशिक जिल्ह्यात कशी झाली, हे मला पाहायचं आहे.

पेठची_आशा

मी सहसा लिहीत नाही. पण हिशोबाचं वाचून भीती वाटली, म्हणून लिहिते.

कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायची. जुलैमध्ये पाड्यावर गेलो तर सगळी भात लावणीला गेलेली. सात जण जमले. सिस्टर म्हणाल्या, तीन आण, नाहीतर व्हायल उघडत नाही, कारण वाया गेलेल्या डोसचं उत्तर त्यांना द्यावं लागायचं. मी गुडघाभर चिखलात बांधावरून हाका मारत फिरले. दोन आले. नवव्या माणसाला उघडली. एक डोस वाया गेला आणि त्यावर आम्हाला मीटिंगमध्ये उभं करून विचारलं.

नेटवर्क पाड्यावर नाहीच. मी वहीत लिहायचे, नाव, आधार, मोबाइल, आणि मोबाइल नसला तर शेजाऱ्याचा. मग रात्री जिथे रेंज मिळेल तिथे बसून एंट्री. कधी दुसऱ्या दिवशी. तेव्हा तारखा पुढेमागे झाल्या असतील, नंबर दुसऱ्याचे पडले असतील. आता चौकशी आली तर नोटीस कुणाला निघेल? टार्गेट देणाऱ्याला नाही निघणार. मला आणि सिस्टरना निघेल. त्याआधी मे महिन्यात शहरातली पोरं गाड्या घेऊन आमच्या केंद्रावर यायची, कारण ॲपवर स्लॉट त्यांनी बुक केलेला. आमची म्हातारी माणसं उभी राहून परत जायची. त्याची कुठे नोंद नाही. ताई, तुमची मागणी चुकीची नाही, पण ती खाली येईपर्यंत आमच्या डोक्यावर पडते.

गोदाकाठ

आशाताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. वाया गेलेल्या एका डोससाठी तुम्हाला उभं केलं आणि परत गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी कुणालाच नाही, ही तर देखरेखच उलटी झाली. तपासणी व्हायची तर तिची सुरुवात आदेशांपासून व्हावी: टार्गेट कुणी ठरवलं, रेंज नसलेल्या पाड्यांना ॲप कुणी सक्तीचं केलं. नोंदींची चूक कर्मचाऱ्यावर कारवाईसाठी वापरली जाणार नाही, हे आधी लेखी द्यायला हवं. तेवढं मिळालं नाही, तर मीही अशा चौकशीच्या बाजूने उभी राहणार नाही.

आयोग बसेल तेव्हा बसेल. मी माहिती अधिकारात अर्ज करते आहे. नाशिक जिल्ह्यातून गंभीर दुष्परिणामांच्या किती केसेस तपासासाठी वर गेल्या, कितींचा निष्कर्ष आला, आणि तो किती कुटुंबांना कळवला.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी

आयोगाला माझा विरोध कायम आहे. मालेगावच्या त्या आया डोळ्यांसमोरून जात नाहीत. चिमट्याचं मात्र तुमचं बरोबर आहे, मला ते आठवायला हवं होतं.

अर्ज करताना ग्रामीणसाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे एक आणि शहरासाठी महापालिकेकडे वेगळा करा, नाहीतर एकमेकांकडे ढकलतील. रुग्णांची नावं मागू नका, त्या कारणावरून फेटाळतील. फक्त आकडे आणि तारखा मागा. दुष्परिणाम तपासणाऱ्या जिल्हा समितीच्या बैठकांची इतिवृत्तंही मागा, खरं काय झालं ते त्यात दिसेल.