पावसाळ्याच्या बेगमीतून रोजचा स्वयंपाक आणि गोडधोड कसे भागवावे?

प्रश्न (चेंबूर)

नमस्कार. आमच्या घरी सासूबाई, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले अशी पाच माणसे आहेत. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही गणपतीपर्यंत पुरेल एवढे वाणसामान भरून ठेवतो. सध्या घरात तांदूळ, गहू, तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ, मटकी, काळे वाटाणे, वाल, कुळथाचे पीठ, रवा, जाडे पोहे, शेंगदाणे, गूळ, सुके खोबरे, आमसुले, चिंच आणि सासूबाईंनी उन्हाळ्यात घातलेले मुगाचे सांडगे एवढे सामान आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाज्या महाग होतात आणि वर चिखलाने भरलेल्या, अर्ध्याअधिक कुजलेल्या हाती येतात. त्यामुळे या दोन महिन्यांत भाजीवर फार अवलंबून न राहता घरात आहे त्यातूनच रोजचे जेवण व्हावे, अशी माझी इच्छा आहे.

अडचण अशी की डाळी-कडधान्ये एवढ्या प्रकारची असूनही ताटात मात्र वरण-भात आणि उसळ हेच आलटून-पालटून येते आणि मुले कंटाळतात. मटकी आणि काळे वाटाणे गेल्या वर्षीचे थोडे उरलेले आहेत, ते कितीही शिट्ट्या केल्या तरी टणकच राहतात. शिवाय श्रावणात सणवार सुरू होतील, तेव्हा खवा, सुकामेवा न आणता घरच्या सामानातून गोडाचे काय काय करता येईल, हेही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (गिरगाव)

ताई, बेगमी वापरताना "आज काय खावेसे वाटते" यापेक्षा "आधी काय खराब होईल" हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या दमट हवेत रवा, दळलेली पिठे, पोहे आणि शेंगदाणे सर्वांत आधी बिघडतात. अख्खी कडधान्ये आणि तांदूळ त्यामानाने बराच काळ टिकतात. म्हणून जून-जुलैत सांजा, उपमा, पोहे, कुळथाची पिठी आणि दाण्याची आमटी यांचा भरणा ठेवावा आणि मटकी, वाल, वाटाणे यांच्याकडे ऑगस्टमध्ये अधिक वळावे. गहू एकदम दळून आणू नयेत. आठवड्यापुरतेच गिरणीत टाकावेत, कारण कणीक जुनी झाली की तिला खवट वास येतो आणि पोळ्याही चांगल्या होत नाहीत.

तुमच्याकडील जुन्या मटकीचा आणि वाटाण्यांचा दोष शिट्ट्यांचा नाही. उष्ण आणि दमट जागी फार दिवस राहिलेले कडधान्य आतून कडक होत जाते आणि मग ते साध्या पाण्यात मऊ शिजत नाही. असे कडधान्य लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्यात रात्रभर भिजवावे, सकाळी ते पाणी टाकून द्यावे, धुऊन ताज्या पाण्यात शिजवावे आणि अगदीच हट्टी असेल तर शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिंच, आमसूल किंवा टोमॅटो दाणा पूर्ण मऊ झाल्यानंतरच घालावा. आंबट आधी पडले तर दाण्याचे टरफल आणि गर घट्टच राहतात, मग कितीही गॅस जाळला तरी उपयोग होत नाही. पुष्कळ घरांत उसळ कच्ची राहण्याचे कारण एवढेच असते.

साठवणीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. किडीसाठी तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे, परंतु ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे आणि घरात लहान मुले असताना तर ती वापरूच नये. तूरडाळीला हाताला लागेल एवढेच एरंडेल चोळावे. रवा कोरडाच भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. मटकी आणि मूग मात्र भाजू नयेत, कारण भाजलेल्या दाण्याला मोड येत नाहीत. त्यांची किलो-किलोची पिशवी घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी, म्हणजे किडीची अंडी मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. ती बाहेरच्या हवेइतकी उबदार झाल्यावरच उघडावी, अन्यथा गार दाण्यांवर बाष्प धरते आणि दमटपणा आपणच डब्यात नेल्यासारखे होते.

शेंगदाण्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. बुरशी लागलेले, काळपट किंवा कडवट दाणे धुऊन-भाजून वापरण्याचा मोह होतो, पण बुरशीचे विष भाजण्याने पुरते जात नाही. असे दाणे निवडून सरळ फेकून द्यावेत.

प्रतिसाद (लालबाग)

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. कंटाळ्याच्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या घरी रोजचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

जेवणात वैविध्य आणण्यासाठी डाळींची संख्या वाढवावी लागत नाही. आंबट, फोडणी आणि वाटण या तीन गोष्टी बदलाव्या लागतात. एकच तूरडाळ चिंच, गूळ आणि गोडा मसाला घालून केली तर ती आमटी होते, आमसूल, लसूण आणि हिरवी मिरची घातली तर तिची चवच निराळी लागते, आणि सुके खोबरे, धणे व लाल मिरच्या भाजून वाटून लावल्या तर त्याच डाळीला मालवणी वळण येते. तुम्ही आठवड्याचा विचार करताना "सोमवारी तूर, मंगळवारी मूग" असा करत असाल, तर त्याऐवजी "आज चिंचेचे, उद्या आमसुलाचे, परवा वाटणाचे" असा करून पाहा. मुले तक्रार करतात ती बहुधा सारख्याच चवीची असते, डाळीची नव्हे.

मुलांसाठी वरणफळे अवश्य करावीत. कणकेत हळद, तिखट, मीठ, ओवा आणि थोडे तेल घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावे, पातळ पोळी लाटून तिच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या कापाव्यात आणि खळखळ उकळणाऱ्या, नेहमीपेक्षा बऱ्याच पातळ आमटीत एकेक करून सोडाव्यात. सगळ्या वड्या एकदम टाकल्या तर त्यांचा गोळा होतो. दहा मिनिटांत वड्या शिजतात, कणकेमुळे आमटी आपोआप दाटसर होते आणि वर तुपाची धार सोडली की भाजी, पोळी, भात यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. एका भांड्यात पाच माणसांचे जेवण होते आणि गॅसही वाचतो.

कुळथाची पिठी तर मुंबईच्या पावसाची हक्काची सोबतीण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर आमच्या भागात दूध-भाजी येईना, तेव्हा घरात पिठी-भात आणि भाजलेला पापड यांवरच दिवस निघाले होते. चार वाट्या पाण्याला चार मोठे चमचे पीठ पुरते. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावे, भरपूर लसणाच्या फोडणीत ते पाणी ओतावे, दोन आमसुले टाकावीत आणि उकळी येईपर्यंत डाव फिरवत राहावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

सांडगे तेलात लालसर परतून, उकळते पाणी, कांदा आणि मसाला घालून रस्सा करावा; थंड पाणी ओतल्यास सांडगे आतून कोरडे राहतात. वालांना मोड आणून, सोलून आमसूल-गुळाचे बिरडे करावे, त्याची चव मटकीच्या उसळीहून अगदी निराळी लागते. सोलायला वेळ लागतो हे खरे, पण सासूबाई आणि मुले बरोबर बसली तर ते काम गप्पांत होते. काळ्या वाटाण्यांसाठी सुक्या खोबऱ्याचे भाजलेले वाटण करावे आणि त्याबरोबर तांदळाचे घावन करावेत, म्हणजे भाताचीही सुट्टी होते.

भाजीला पूर्ण रजा देऊ नये, असेही वाटते. पावसाच्या सुरुवातीला स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात. भिजवलेली मूगडाळ घालून केली तर एकच जुडी सगळ्यांना पुरते.

प्रतिसाद (वरळी)

आपण मासे खात असाल तर सामानात सुका जवळा अवश्य ठेवावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून आमच्याकडे मे महिन्यातच जवळा, बोंबील आणि सोडे भरून ठेवतात. मूठभर जवळा कोरडा भाजून, दोनदा धुऊन कांदा आणि आमसुलावर परतला की भाकरीबरोबर सगळ्यांचे जेवण होते. श्रावण पाळत असाल तर त्याआधीच संपवावा, कारण दमट हवेत जवळा उघड्या पिशवीत टिकत नाही.

प्रतिसाद (विलेपार्ले)

गोडाच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. खवा आणि सुकामेवा ही अलीकडची सवय आहे. आपल्याकडील सणाचे बहुतेक जुने गोड पदार्थ धान्य, डाळ, गूळ आणि तूप यांतूनच होतात.

सर्वांत कमी खर्चाचा आणि मुलांच्या डब्यालाही चालणारा पदार्थ म्हणजे गूळपापडी. दोन वाट्या जाडसर कणीक पाऊण वाटी तुपात मंद आचेवर बदामी रंगावर भाजावी, खमंग वास सुटला की गॅस बंद करावा आणि मगच सव्वा वाटी बारीक चिरलेला गूळ घालून भराभर ढवळावे. गॅस चालू असताना गूळ घातला तर त्याचा पाक होतो आणि वड्या दगडासारख्या होतात. मिश्रण तूप लावलेल्या ताटात थापून कोमट असतानाच वड्या पाडाव्यात, वरून किसलेले सुके खोबरे दाबावे. तूप कमी असेल तर कणीक कोरडीच अर्धी भाजून घ्यावी आणि मग तूप घालावे, थोडक्यात भागते.

नागपंचमीला पुरणाची दिंडे करावीत. त्या दिवशी अनेक घरांत चिरणे, तळणे टाळतात, म्हणून ती उकडलेलीच असतात आणि तेलही वाचते. हरभराडाळीचे पुरण थोडे जास्त शिजवून ठेवावे आणि उरलेल्या पुरणात पाणी, वेलची आणि किंचित मीठ घालून दुसऱ्या दिवशी पातळ खीर करावी. डाळ शिजवलेले वरचे पाणी, म्हणजे कट, फेकू नये. त्याची गोडा मसाला आणि चिंच घालून कटाची आमटी करावी, म्हणजे एका डाळीत गोड आणि तिखट दोन्ही होतात.

गुळाच्या खिरी करताना दूध फाटते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दूध उकळत असताना गूळ घालू नये. रवा, शेवया किंवा तांदळाच्या कण्या पाण्यात किंवा दुधात पूर्ण शिजवून, भांडे खाली उतरवून, किंचित निवल्यावर गूळ घालावा. कण्या वाण्याकडे अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळतात आणि खिरीला तर त्याच अधिक चांगल्या.

याच कण्यांची खांडवीही करता येते. एक वाटी कण्या जाडसर रव्यासारख्या वाटून तुपावर भाजाव्यात, दोन वाट्या पाण्यात एक वाटी गूळ आणि किसलेले आले घालून उकळी आणावी, त्यात रवा वैरून झाकण ठेवून वाफ काढावी आणि ताटात थापून वड्या पाडाव्यात. पावसात आल्याचा तो उबदार स्वाद सर्वांना आवडतो.

प्रश्नकर्ती (चेंबूर)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. आंबट आणि वाटण बदलण्याची कल्पना सासूबाईंनाही पटली असून मटकी मिठाच्या पाण्यात भिजत घातली आहे. खांडवीबद्दल एक शंका आहे: त्यात ओले खोबरे घालतात असे ऐकले आहे, पण सध्या नारळ महाग आहे. सुके खोबरे चालेल का?

प्रतिसाद (विलेपार्ले)

चालेल, पण तसेच कोरडे घालू नये, चावताना टोचते. अर्धी वाटी बारीक किसलेले सुके खोबरे गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावे आणि त्याच पाण्यासह गुळाच्या पाण्यात उकळावे. ते पाणी वरच्या दोन वाट्यांतच धरावे. खोबरे आधी चाखून पाहावे. किंचितही खवट असेल तर ते न घालता दोन चमचे भाजलेले तीळ घालावेत, खांडवी तरीही उत्तम होते.