एकत्र कुटुंब असतं तर पोट्टे असे खचले असते का?

मास्तर (दारव्हा): नसते खचले, माझं स्पष्ट मत. शाळेतून आलं की सपरीतले आबाजी विचारायचे, 'काहून बे, तोंड पडलं?' आता वाटण्या झाल्या, मायबाप दिवसभर वावरात, पोट्टा घरी एकटा. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात मानसिक आजार महानगरांत 13.5 टक्के निघाले, खेड्यांत 6.9. खेड्यात अजून माणसं धरून आहेत, म्हणूनच ना?

आशाताई (आर्णी): मास्तर, त्या सर्वेक्षणात 12 राज्यं होती, महाराष्ट्र नव्हताच. आणि आकडे सगळ्या मानसिक आजारांचे, एकट्या नैराश्याचे नाहीत. खेड्यात सांगायचीच चोरी, हाही भाग धरा.

एक घर सांगते. अकरा माणसं, एक चूल, नववीतली पोरगी. रोज रात्री वावराच्या धुऱ्यावरून बाप आणि काका भांडतात, ही मधल्या खोलीत डोक्यावर गोधडी घेऊन पडते. महिनाभर झाला, अर्धी भाकर ताटात राहते, बोललं की अंगावर येते. आजी म्हणते माजली, माय म्हणते नजर लागली. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून दिसू शकतं, हे अकरांतल्या एकालाही ठाऊक नाही.

वावरवाला (पुसद): दोघंही घरातच अडकले बाप्पा. इकडे दहावी झाली की पोट्टा अमरावतीला, नीटच्या क्लाससाठी भाड्याच्या खोलीत. सोयाबीन विकून फी भरली, हे दर फोनवर ऐकते. त्यानं कोणत्या तोंडानं सांगावं, जमत नाही म्हणून?

मास्तर: म्हणजे माझंच खरं. घर सुटलं की पोरगं तुटतं.

आशाताई: घर सुटलं म्हणून नाही, फोनवर मार्कांशिवाय काही विचारत नाही म्हणून. सरकारचा मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्प 2015 मध्ये आला तो शेतकऱ्यांसाठी. बाप खचला की लेकरालाही धोका वाढतो, पण लेकराला कोण विचारते? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

वावरवाला: नंबर ठीक. पण घरात मोबाईल एकच, तो बापाच्या खिशात.

मास्तर: म्हणून तर म्हणतो, रात्री दहाला पोरगी बोलायला लागली तर ऐकायला घरात मोठीआई पाहिजे.

आशाताई: पाहिजे ना. पण तुमच्या मोठीआईनं ऐकलं की सकाळी हापशीवर सगळ्या गावाला माहीत. पोरीचं लग्न कसं जमेल, म्हणून माय तोंड दाबते.