पेट्यांपुढे मेलेल्या मधमाश्यांचा सडा, मोहोळ तालुका – मदत हवी आहे

माळरान: परवापासून दारातच माश्या मरून पडताहेत. ज्या जित्या आहेत त्या थरथरतात, गरगर फिरतात, उडता येत नाही. डाळिंबाला फूल लागलंय. पेट्या हलवू का? लवकर सांगा.

सीनाकाठ: माश्या देशी सातेरी की विदेशी मेलिफेरा? शेजारी कुणी फवारलं का?

माळरान: मेलिफेरा. फवारणी कुणाचीच नाही, विचारून आलो. शेजाऱ्यानं नुसता मका पेरलाय.

काळीआई: बियाण्याला औषधाऐवजी शेण-गोमूत्राचं बीजामृत लावा म्हणून किती वर्षं सांगतोय मी!

सीनाकाठ: त्यांनी बियाण्याचं विचारलेलंच नाही ओ. माळरान, पेरणी तिफणीनं की न्यूमॅटिक प्लांटरनं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रानं? बी रंगीत होतं? वारा कुठून होता?

माळरान: प्लांटरनं. बी गुलाबी. वारा आमच्याकडेच. पण बी मातीत गेलं की!

सीनाकाठ: बी गेलं, भुकटी नाही गेली. मका खाणाऱ्या लष्करी अळीसाठी बियाण्याला थायामेथोक्झाम हे कीटकनाशक असलेलं औषध लावतात, गुलाबी रंग त्या लेपाचाच. प्लांटरमध्ये बी घासतं, लेप सुटतो आणि पंख्याच्या हवेबरोबर बाहेर पडतो. बांधावरच्या फुलांवर, डबक्यावर बसतो. जर्मनीत २००८ साली त्याच जातीचं क्लोथियानिडिन लावलेला मका पेरताना असंच होऊन मधमाश्यांच्या ११ हजारांवर वसाहतींना फटका बसला. युरोपीय संघानं २०१८ मध्ये अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

पोंगा: मग आम्ही मका करूच नये का? अळी पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांत शिरली की फवारण्या मोजून बघा. त्यानं माश्या वाचतात होय?

सीनाकाठ: पिकाला फूल नसताना बीजप्रक्रिया फवारणीपेक्षा बरी, मान्य. पण पंख्याची हवा नळीनं खाली जमिनीलगत सोडा, पिशवीतळाची भुकटी यंत्रात ओतू नका आणि बांधावर पेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगा. एवढं तरी करा.

गोडबोली: शुद्ध मध किलोला काय भावानं? सोलापुरात पोच मिळेल?

सीनाकाठ: माळरान, अंधार पडल्यावर दारं जाळीनं बंद करून पेट्या चार-पाच किलोमीटर लांब न्या. जवळ नेल्या तर माश्या जुन्याच जागी परततात. स्वच्छ पाणी, साखरेचा पाक ठेवा. ताजा पराग भरलेल्या फ्रेम काढा, त्यातूनच विष पिलाव्यात, म्हणजे अळ्या-पिल्लांत जातं. मेलेल्या माश्या फ्रीजरमध्ये ठेवून मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

काळीआई: सातेरी पाळा, मी तर तेच म्हणतो.

माळरान: शेजाऱ्याचं अजून निम्मं रान पेरायचंय, उद्या सकाळी यंत्र येणार. टेम्पो मिळालाय. पेरणी उरकलेलं, पाण्याजवळचं रान कुणाकडे आहे का? आज रात्रीच पाहिजे.