मदत हवी आहे: शब्दकोशातल्या ‘परका पाहुणा’ चौकटीसाठी शब्द निवडायचे कसे?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे मित्र नोकऱ्या सांभाळून एक छोटासा ऑनलाइन मराठी शब्दकोश चालवतो. पहिल्या पानावर उजवीकडे एक चौकट आहे, ‘परका पाहुणा’. तिच्यात रोज परभाषेतला एक शब्द, उच्चार, अर्थ आणि चार ओळींची गोष्ट. लोक मूळ कोशापेक्षा ही चौकटच जास्त उघडतात. थोडं बोचतं, पण असो.

सुरुवातीचे दोन महिने आवडीचे शब्द हौसेने टाकले, मग आटलो. वाचकांकडून मागवले तर ढीग आला, पण सगळा एकाच साच्यातला: ‘ज्याला जगात कुठेच प्रतिशब्द नाही असा सुंदर शब्द’. शीटमध्ये ६३ शब्द पडून आहेत. त्यांतले २४ जपानी, ११ जर्मन. एकटा इकिगाई (जपानी, ‘जगण्याचं कारण’) चार जणांनी पाठवलाय.

त्यात गेल्या आठवड्यात फजिती झाली. आम्ही ‘मामिहलापिनातापाई’ लावला. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला राहणाऱ्या यागान लोकांचा शब्द. दोघांच्या मनात एकच गोष्ट असते, पण सुरुवात दुसऱ्याने करावी म्हणून दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहतात, ते बघणं. गिनीजच्या पुस्तकात ‘सर्वांत आटोपशीर शब्द’ म्हणून गेलेला. आम्ही खूश. माझी भाची सातवीत आहे. तिने वाचलं आणि म्हणाली, “मामा, याचा वाक्यात उपयोग करून दाखव ना.”

दोन रात्री शोधलं. या शब्दाचं कौतुक करणारी वाक्यं पायलीला पन्नास मिळाली, यागान माणसाने सहज बोलताना तो वापरल्याचं एकही मिळालं नाही. भाचीला सांगितलं, उद्या सांगतो. तिने तो ‘उद्या’ ओळखला.

तर मदत हवी आहे. शब्द रंजक आहे हे ठरवायचं कशावर? मराठीत मुरलेले परके शब्द (बटाटा, चावी वगैरे) पाहुणे म्हणून चालतील, की ते आता घरचेच? आणि परके उच्चार देवनागरीत लिहिताना फार तारांबळ उडते, त्याचं काय करता येईल? एखाद-दुसरा शब्द सुचवलात तरी चालेल, फक्त फॉरवर्डमधला नको.

तिरफळ:

पहिला उपाय फुकट देतो. ज्या शब्दाचा कॉफीच्या मगवर छापील फोटो मिळतो तो शीटमधून उडवा. निम्मी शीट मोकळी होईल.

जुना दप्तरदार:

तुमच्या भाचीला मंडळात घ्या. तिने विचारलं तीच खरी कसोटी आहे. शब्दाचा अर्थ समजावून न सांगता कोणीतरी तो बोलण्यात किंवा लिहिण्यात वापरलाय का? असं एक वाक्य हाताशी असेल तरच शब्द चौकटीत, नाहीतर थांबा. मोठे कोशकार दुसरं काय करत होते? दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात जागोजागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या, पोवाड्यांतल्या ओळी दिसतात, त्या शोभेला नाहीत.

एक पाहुणा माझ्याकडून. ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेलं कातडं. वाक्य हवं ना? ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की आयोनियातले ग्रीक पपायरसच्या (लव्हाळ्याच्या कागदाच्या) पुस्तकांनाही ‘कातडी’च म्हणतात, कारण पूर्वी पपायरसची टंचाई असताना ते बोकडा-मेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. हाच शब्द पूर्वेकडे सरकत अरबी-फार्सीत ‘दफ्तर’ झाला, म्हणजे लिहिलेल्या कागदांची चवड. आपल्याकडे पेशवे दप्तर झालं, आणि शेवटी पोरांच्या पाठीवर जाऊन बसलं. तिकडे १८२०च्या दशकात ब्रेतोनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला याच शब्दावरून नाव दिलं. तोच डिप्थेरिया, आपला घटसर्प. त्रिगुणी लस टोचून घेतलेलं पोर दप्तर घेऊन शाळेत जातं, तेव्हा एकच ग्रीक शब्द दंडातही असतो आणि पाठीवरही.

मुरलेले शब्द चालतील का, याचं उत्तर यातच आलं. शब्द घरचा झाला असेल, त्याचं गाव अजून परकंच आहे.

तिरफळ:

दप्तरदार, मान गये. मग पोर्तुगीज माझ्याकडे. पण बटाटा-पाव-चावीची यादी नका देऊ, ती पाचवीच्या पोरांनाही पाठ असते. ‘पोर्तुगीजमधून आला’ एवढ्यावर थांबू नका, तिथे त्याचा धंदा काय होता ते सांगा.

‘पगार’ घ्या. पोर्तुगीजमध्ये हे नामच नाही, क्रियापद आहे: पैसे चुकते करणं. लिस्बनच्या खानावळीत जेवून उठताना माणूस म्हणतो, “वोऊ पगार आ कोंता”, म्हणजे मी बिल भरतो. पगार देणारा तिथे तुम्हीच.

आणि ‘तुरुंग’. मूळ ‘त्रोंकु’, झाडाचं खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड, आणि त्यावरून कैदखाना. आता मराठीत बघा: झाडाचं खोड, आणि पाय अडकवायचा तो खोडा. कोणी कोणाकडून घेतलं नाही, पण दोन्हीकडे अक्कल एकाच लाकडाला अडखळली. मला विचाराल तर अशा जोड्या त्या ‘प्रतिशब्दच नाही’वाल्या शब्दांपेक्षा शंभरपट गोड.

पडताळायला दालगादोंचं १९१३चं काम बघा. आमच्या गोव्याचेच, आसगावचे. आशियाई भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द त्यांनी एकेक करून नोंदवलेत, कोणत्या भाषेत काय रूप झालं त्यासकट.

बखरबहाद्दर:

गंमत वाटते. राज्यकारभारातून परके शब्द हाकलायला शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि इथे लोक परक्या शब्दांना पाट-रांगोळी करतायत.

जुना दप्तरदार:

बखरबहाद्दर, त्या कोशात १३००हून अधिक फार्सी-दखनी शब्द एकेक करून नोंदले, तेव्हाच त्यांना संस्कृत पर्याय देता आले. सतराव्या शतकात दरबारात आणि मुदपाकखान्यात कोणते परके शब्द चालत, हे आज त्या कोशावरूनच कळतं. हाकलायच्या आधी नाव-गाव लिहून घेतलं, हे बरं झालं. आणि तुमच्या नावातला ‘बहाद्दर’ कुठल्या मुलखातून आला, तेही एकदा बघा.

बखरबहाद्दर:

बघितलं. मंगोल-तुर्की मुलूख. गप्प बसतो.

मोंबासा मेल:

मी आठ वर्षं नैरोबीत आहे. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, “गारी लिमेहारिबिका.” मला स्वाहिलीचा गंध नव्हता, तरी कळलं. गारी म्हणजे गाडी, आणि मधल्या ‘हारिब’मध्ये अरबी मुळाचा आपला ‘खराब’ बसलाय. गाडी खराब झाली. बाकीचं व्याकरण आफ्रिकेतल्या बांटू भाषाकुळाचं, माल आपल्या ओळखीचा.

इथे ‘पेसा’ म्हणजे पैसे, ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘लाकी’ म्हणजे लाख आणि ‘बिमा’ म्हणजे विमा. या बिमाच्या मुळाशी फार्सी ‘बीम’, म्हणजे भीती. (एजंट लोकांना हे उपजतच ठाऊक असावं.)

माझं मत: रोज एक सुटा शब्द देण्यापेक्षा अधूनमधून आख्खं वाक्य पाहुणा म्हणून बोलवा. वाचकाला ते अर्धं आधीच कळतं आणि मग उरलेल्या अर्ध्यासाठी तो जीव टाकतो.

पाटीपेन्सिल:

हे भारी आहे. लगेच शीटमध्ये टाकलं. दप्तरदार काका, ‘वाक्यात उपयोग’ हा रकानाही वाढवला. तो भरल्याशिवाय शब्द पुढे सरकणार नाही. ६३पैकी २२चा रकाना भरलाय. उच्चाराचं कोणी सांगेल का?

नेकारकाठ:

जर्मनीतून लिहितेय. उच्चारासाठी आधी घरात काय आहे ते बघा. हिंदीवाले ‘त्सुनामी’ लिहिताना अडखळतात, आपल्याकडे तो आवाज रोजचा आहे. चुलीतला ‘चु’ म्हणा, झालं त्सु. जर्मन ‘त्साइट’ (वेळ) म्हणजे चाकातला च. चौकटीत सरळ लिहा: “च चुलीतला, चिंचेतला नाही.” मराठी माणूस क्षणात बरोबर म्हणेल. जर्मन उम्लाउट ü (डोक्यावर दोन टिंबं असलेला u) मात्र आपल्याकडे नाही. त्यासाठी नवी चिन्हं शोधत बसू नका, “ओठ ऊ म्हणायला काढा आणि ई म्हणा” असं लिहा आणि खाली आवाजाची फाइल जोडा.

जर्मन शब्दांची तुमच्याकडे रांग आहे, तरी एक देतेच: ‘तोरश्लुसपानिक’. तोर म्हणजे वेस किंवा मोठा दरवाजा, श्लुस म्हणजे बंद होणं. वेशीचा दरवाजा बंद व्हायची वेळ झाली आणि आपण अजून बाहेरच, तेव्हा पोटात उठतो तो गोळा. आता हा शब्द बहुतेक वयावरून वापरतात: लग्न राहून जाईल, मूल राहून जाईल, नोकरी बदलायची राहून जाईल. कचेरीत माझी मैत्रीण चाळिशीच्या तोंडावर घर घ्यायला निघालेल्या एकाबद्दल म्हणाली, “त्याला तोरश्लुसपानिक झालंय.” ऐकताक्षणी माझ्या डोळ्यांपुढे रायगडाचा दरवाजा आला. सांज झाली, तोफ झाली, दार लागलं आणि आत अडकलेली हिरकणी. जर्मन माणूस बाहेर राहायला घाबरतो, आपली हिरकणी आत राहायला.

तिरफळ:

पण हिरकणी घाबरून बसली कुठे? कडा उतरली की.

नेकारकाठ:

म्हणून तर प्रतिशब्द म्हणून देऊ नका म्हणतेय. गोष्टीत घ्या. प्रतिशब्दाच्या जागी चार शब्दांचा अर्थच ठेवा: ‘वेळ निघून जाण्याची धास्ती’.

काठावर पास:

मी मुद्दाम विरुद्ध बाजूने लिहितोय. लोकांना इकिगाई हवा असतो, तर अधूनमधून द्या की. सगळेच मगवाले शब्द खोटे नसतात. ‘त्सुन्दोकु’ (चुलीतला चु!) म्हणजे पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवणं. हा मेजी काळापासून (१८६८ ते १९१२) जपानीत चालतोय आणि अजून लोक वापरतात. वाक्य तर माझ्याच घरी ऐका: “तुमचं त्सुन्दोकु आता फ्रिजवर नको,” इति सौ.

आणि जॉर्जियन ‘शेमोमेचामा’: खायचं नव्हतं, पण खाता खाता सगळं संपलं. याला ‘जगात प्रतिशब्द नाही’ म्हणून मिरवतात. नाम नसेल आपल्याकडे, पण क्रियापदाला वळण आहे ना: “अगं, चकल्या खाल्ल्या गेल्या गं.” मी खाल्ल्या असं कबूलच करायचं नाही, चकल्यांनीच काय ते करून घेतलं. तिथेही गंमत क्रियापदाच्या रूपातच आहे. मग चौकटीत ‘प्रतिशब्द नाही’ ऐवजी ‘आपण हे कसं म्हणतो?’ असं विचारा. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडेल.

हा ‘प्रतिशब्द नाही’ शिक्का तेवढा कायमचा मोडीत काढा, बाकी माझी काही अट नाही.

मोंबासा मेल:

दुका वरून आठवलं. इंडोनेशियन भाषेतही ‘दुका’ आहे, पण तो दुःखातून आलेला. तिथल्या एका सहकाऱ्याला मी इथलं दुका दाखवलं, तर तो पाटीकडे बघून म्हणाला, “शोक इथे विकत मिळतो?” त्याचंच आणखी एक वाक्य घ्या: “इस्त्री साया गुरु.” माझी बायको शिक्षिका आहे. इस्त्री म्हणजे बायको, स्त्रीवरून. आणि नवरा म्हणजे ‘सुआमी’, हो, आपला स्वामीच.

नेकारकाठ:

हे वाक्य माझ्या सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, कपड्यांची कामं शेवटी तिच्याच गळ्यात.

जुना दप्तरदार:

पाटीपेन्सिल, यागान शब्द काढून टाकू नका मात्र. त्या भाषेचा कोश ब्रिजेस नावाच्या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात जमवला, ३२,०००च्या वर शब्द. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या क्रिस्तिना काल्देरोन २०२२ मध्ये गेल्या. एवढ्या कोशातून जगाने एकच शब्द उचलला आणि मगवर छापला. चौकटीत हेच लिहा, आणि वाक्याचा रकाना कोरा ठेवा. कोरा का, तेही लिहा.

पाटीपेन्सिल:

तसंच करतो काका. सोमवारी दिफ्थेरा, मंगळवारी पगार, बुधवारी तोरश्लुसपानिक (मैत्रिणीचं वाक्य नाव न देता घेतो, चालेल ना नेकारकाठ?). यागानची नोंद नव्याने लिहून शनिवारी. शेमोमेचामा दिवाळीपर्यंत राखून ठेवलाय, कारण उघड आहे. शीटमध्ये आता ३१ उरलेत, जपानी सात.

मोंबासा मेल, तुमचं वाक्य रविवारी चाचणीसाठी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. आज भाचीला शाळेत उशीर झाला. बाईंनी कारण वहीत लिहून आणायला सांगितलं. तिने लिहिलंय: “सायकलची चेन पडली. गारी लिमेहारिबिका.” बाईंनी खाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलंय आणि पालकांना भेटायला बोलावलंय. ताई म्हणते, तूच जा.