सेकंड हँड ऑक्टाव्हिया: १.८ पेट्रोलचा ड्राय डीएसजी की २.० डिझेलचा वेट?

वाकडकर_७७: २०१६ ते १८ मधली स्कोडा ऑक्टाव्हिया बघतोय, डीएसजी म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. घरात पाच माणसं, रोज वाकड ते मगरपट्टा, महिन्यातून एकदा ताम्हिणीने कोकण. १.८ टीएसआयला ७ गिअरचा ड्राय क्लच, २.० टीडीआयला ६ गिअरचा वेट. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये खरा फरक काय पडतो? आणि गाडी बघायला गेल्यावर काय तपासू?

आटेपाना: फरक आहे तो उष्णतेचा. पेट्रोलमधल्या डीक्यू२०० या गिअरबॉक्समध्ये क्लच कोरडे, फक्त हवेवर थंड होणारे, आणि टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) मर्यादा २५० एनएम. म्हणूनच आपल्याकडच्या सुपर्बमध्ये तेच १.८ इंजिन मॅन्युअलला ३२० एनएम द्यायचं आणि डीएसजीला २५० वर अडवलेलं होतं. डिझेलमधल्या डीक्यू२५० चे क्लच तेलात बुडालेले, मर्यादा ३५० एनएम. घसरताना तयार झालेली उष्णता तेल घेऊन जातं आणि कूलरमध्ये सोडतं.

रांगत्या ट्रॅफिकमध्ये कोरडा क्लच मार खातो तो असा: 'डी'मध्ये गाडी पटकन दुसऱ्यात जाते, पण इतक्या कमी वेगात दुसऱ्याचा क्लच पूर्ण लागतच नाही, हाफ क्लचवर घासत राहतो. त्यामुळे मॅन्युअल मोडला घेऊन पहिल्यातच ठेवा. पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच सोडा, इंच इंच सरकवू नका. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं तर अजिबात नको. डॅशवर गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन 'पी'मध्ये थांबा.

तुमच्या रस्त्याला मी वेटच सांगेन.

मेकॅट्रॉनिक: वरचं पटलं, पण डीक्यू२०० मध्ये क्लचइतकीच भीती मेकॅट्रॉनिकची, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक युनिटची. त्याचं स्वतंत्र साधारण एक लिटर हायड्रॉलिक तेल असतं. प्रेशर साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरच्या आट्यांपाशी ॲल्युमिनियमच्या बॉडीला चीर जाते, तेल झिरपतं, पंप जास्त वेळ चालत राहतो आणि शेवटी कंट्रोलर त्याला बंद करतो. दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी१७बीएफ किंवा पी१८९सी हा कोड दिसला तर आधी हीच शंका घ्या. आख्खं युनिट बदलायला सांगतील, पण नुसती चीर असेल तर मजबूत केलेली बॉडी बसवूनही काम होतं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये स्कोडाची मालक कंपनी फोक्सवॅगनने जगभरातल्या १६ लाख गाड्या याच गिअरबॉक्ससाठी परत बोलावल्या. गरम, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालवताना सिंथेटिक गिअर ऑइलमुळे विजेचा पुरवठा बिघडत होता. उपाय म्हणून मिनरल ऑइल घातलं. तुम्ही बघताय त्या गाड्या त्यानंतरच्या आहेत.

तपासणी इंजिन थंड असतानाच करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा.
– पेट्रोल: चढावर रिव्हर्स घ्या. मग सपाटीवर हलक्या पायाने पहिल्यातून दुसऱ्यात जाऊ द्या. धडधड जाणवली तर क्लच गेलेत. २, ४, ६ आणि रिव्हर्स एका क्लचवर, १, ३, ५, ७ दुसऱ्यावर. कुठले गिअर गायब होतात त्यावरून दोषी कोण ते कळतं.
– दोन्हींत: इंजिन बंद करताना खडखड आली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे शोषणारं दुहेरी चाक) संशयित.
– डिझेल: गिअरबॉक्स ऑइल बदलल्याची बिलं मागा. दर ६०,००० किमीला बदललेलं नसेल तर किंमत पाडा.

वाकडकर_७७: विकणारा म्हणतो वेटचं ऑइल 'लाइफटाइम' असतं, बदलावं लागत नाही.

आटेपाना: चूक. क्लच, गिअर आणि मेकॅट्रॉनिक, तिघांना एकच तेल. क्लचची झीज त्यातच फिरते आणि व्हॉल्व्ह अडकायला लागले की गाडी धक्के देते.

एकूण साधारण ७ लिटर, बदलताना ५.२ लागतं. खालचा १४ चा ॲलन प्लग काढला की थोडंच तेल येतं. आत ८ च्या ॲलनने निघणारी, तेलाची पातळी ठरवणारी नळी आहे, ती काढल्यावर बाकीचं येतं. हीच नळी न काढता 'बदललं' म्हणणारे गॅरेज आहेत, त्यामुळे किती निघालं ते मोजून बघा. वरचा फिल्टरही बदला. नळी परत बसवून खालूनच ॲडॅप्टरने तेल भरायचं, इंजिन चालू करून सगळ्या गिअर पोझिशन थोडा थोडा वेळ फिरवायच्या. मग इंजिन चालूच ठेवून, तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांत असताना प्लग उघडायचा. जास्तीचं तेल वाहून थेंब थेंब पडू लागलं की लेव्हल बरोबर. हे तापमान स्कॅनरवरच दिसतं, हात लावून अंदाज नाही. प्लगला नवा वॉशर, ४५ एनएम.

वाकडकर_७७: सिग्नलला न्यूट्रल करायचं का?

मेकॅट्रॉनिक: गरज नाही. ब्रेक पूर्ण दाबला की दोन्ही प्रकारांत क्लच सुटतो. अर्धवट ब्रेकवर गाडी हळूहळू सरकू देणं, तेवढं टाळा.