फ्रंट माउंट इंटरकूलर टाकायचाय, पण ट्रॅफिकमध्ये गाडी तापू नये

मुलुंडचा_आरएस
मंडळी, गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल. कंपनीचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जायच्या आधी गार करतो तो) माहितीये ना, कोपऱ्यात फेंडरच्या आत बसवलेला पिटुकला, मे महिन्यात थोडं जोरात पळवलं की तो तापून बसतो आणि गाडी मरगळते. पुढेमागे रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करायचाय म्हणून आधी पुढच्या बाजूला मोठा टाकावा म्हणतोय. पण रोजचं रनिंग मुलुंड ते बीकेसी, संध्याकाळी परतताना एसी लावून नुसतं रांगायचं. एक गॅरेजवाला म्हणतो ३ इंच जाडीचा कोर (इंटरकूलरचा जाळीदार गाभा) टाकू, बंपरमागचा लोखंडी बीम कापू, झालं काम. दुसरा म्हणतो मुंबईत नादाला लागूच नको, रेडिएटरला हवा मिळणार नाही, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) उडेल. आत्ता टेंपरेचरचा काटा ९० वर असतो, हलतसुद्धा नाही. खरं काय?

चहा_आणि_क्लच
रोज बीकेसी आणि म्हणे इंटरकूलर. मुलुंडवरून फास्ट पकड ना भावा, एसी लोकल पण मिळते 😄

घाटातला_बूस्ट
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. आधी हे बघ, सायनच्या सिग्नलला उभा असताना बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, कुठाय? टर्बो नुसता फिरतोय, हवा दाबली जात नाहीये, म्हणजे तापतही नाहीये, त्यामुळे इंटरकूलर त्या वेळी रेडिएटरवर उष्णता टाकत नाही, तो फक्त वाटेत आडवा उभा असतो. तिथे सगळा खेळ पंख्याचा. पंखा मागून ओढतोय, त्याला आता रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि वर हा तिसरा कोर अशा तीन थरांतून ओढायचंय.

दाबून चालवताना गोष्ट वेगळी. ३५ डिग्रीची हवा १ बार बूस्टला दाबली की टर्बोतून साधारण १३० डिग्रीने बाहेर येते (कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के धरली तर), ती उष्णता इंटरकूलर समोरच्या हवेत सोडतो आणि तीच हवा मागे रेडिएटरवर जाते. हायवेला स्पीड असतो म्हणून खपून जातं. वाट लागते कसारा घाटात, ट्रकच्या मागे, स्पीड नाही, बूस्ट चालू, एसी चालू. म्हणून ट्रॅफिकपेक्षा तू कधी नाशिकला जाशील त्याची मला जास्त काळजी आहे.

३ इंचाचा कोर घेऊ नको. जाड कोर डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या मशीनवर) भारी दिसतो, पण त्यातून हवा आरपार जायला स्पीड लागतो आणि तो आपल्याकडे मिळतो कुठे. सव्वादोन-अडीच इंच बास, आणि शक्यतो ट्यूब-अँड-फिन (पातळ नळ्यांचा हलका कोर). बार-अँड-प्लेट (जाड पट्ट्यांचा) उष्णता जास्त पोटात घेतो हे खरं, पण जड असतो आणि हवा जास्त अडवतो. उंचीला कमी, रुंदीला जास्त असा घे आणि खालच्या जाळीमागे बसव, म्हणजे वरच्या ग्रिलमधून रेडिएटरच्या वरच्या भागाला थेट हवा मिळत राहील.

आणि बहुतेक गॅरेजवाले जे करत नाहीत ते, डक्टिंग. हवा म्हणजे विरार लोकलची गर्दी, जिथे फट दिसेल तिथून घुसणार, तीन कोरमधून कशाला जाईल. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत दोन्ही बाजू आणि वरची फट अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फोम लावून बंद कर. माझ्या मते याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या कोरनेही पडत नाही.

ओबीडी_काका
त्या काट्यावर जाऊ नकोस रे. या गाड्यांचा काटा मुद्दाम तसा बनवलाय, कूलंट बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये वरखाली झालं तरी तो ९० दाखवतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून खरा आकडा बघ. थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८७ च्या आसपास उघडायला लागतो, पुढे किती चढतं ते तुझ्या गाडीचं तूच नोंदव, काम करायच्या आधी. एसी फुल, दुपारचं ऊन, घाटकोपरचं ट्रॅफिक. नंतर त्याच परिस्थितीत परत बघ. तीन-चार डिग्री वाढलं तर चालतंय, पण चढतच राहिलं आणि पंखा मोठ्या स्पीडला जाऊनही खाली येत नसेल तर काहीतरी चुकलंय.

आणखी एक, या इंजिनाच्या जुन्या वॉटर पंपांचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पातं) प्लास्टिकचा असायचा, तो तुटतो नाहीतर शाफ्टवर नुसता गरागरा फिरतो. टायमिंग बेल्ट बदलताना मेटलवाला पंप घाल. आधीच दमलेल्या कूलिंगवर इंटरकूलर चढवायचा आणि मग इंटरकूलरला शिव्या द्यायच्या, हे नेहमीचं.

मुलुंडचा_आरएस
भारी माहिती. काका, नोंदवायला सुरुवात करतो. पंख्याचा लो स्पीड लागतो की नाही तेच बघितलं नव्हतं कधी. बंपर उतरवणारच आहोत तर रेडिएटर पण बदलू का? आणि खालचं प्लास्टिकचं कव्हर कायमचं काढलं तर हवा जास्त खेळेल, असं कोणीतरी म्हणालं.

घाटातला_बूस्ट
कव्हर काढू नको, उलटं होतं. ते असल्यामुळे इंजिनखाली हवेचा दाब कमी राहतो आणि रेडिएटरमधली गरम हवा ओढली जाते. तुटलं असेल तर नवीन घे, कुर्ल्याला सीएसटी रोडवर हिंडलास तर सेकंडहँड मिळून जाईल. रेडिएटर गळत नसेल तर राहू दे, फक्त कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली धूळ आणि सुकी पानं काढून घे. इंजिनच्या बाजूने साध्या पाइपने पाणी मार, वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनने नको, फिन सगळ्या आडव्या होतील. कूलंट कंपनीचंच, ५०-५० डिस्टिल्ड वॉटरमध्ये, सोसायटीच्या बोअरचं पाणी घालायचं नाही.

बीम मात्र कापू देऊ नको, ठोकलं गेलं की तोच वाचवतो. हॉर्न हलवावे लागतील, ब्रॅकेट थोडं घासावं लागेल, पण बीम न कापता बसणारे कोर मिळतात.

ओबीडी_काका
इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळव. बदल लपवला तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील. आणि गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घे. बाकी, फिटिंगनंतर आठवडाभराने सगळे क्लॅम्प परत आवळ, नवीन सिलिकॉन होज गरम होऊन बसले की ते सैल होतात, आणि भर बूस्टमध्ये होज निसटला तर गाडी ईस्टर्न एक्सप्रेसच्या मधल्या लेनमध्येच आचके देत बसेल.