कागदी निगेटिव्हवरून सायनोटाइप: भिंत पांढरीफटक, सावली गच्च निळी

पेटीवाला:
प्लायवूडचा पिनहोल कॅमेरा (भिंगाऐवजी बारीक भोक असलेला) स्वतः बनवलाय. पितळी पत्र्याला ०.५ मिमीचं भोक, कागद १५० मिमीवर, म्हणजे एफ ३०० (अंतर भागिले भोक). व्हेरिएबल कॉन्ट्रास्टचा (प्रकाशाच्या रंगाप्रमाणे कॉन्ट्रास्ट बदलणारा) फायबर बेस फोटो-कागद लावतो, उन्हात दीड मिनिट. त्याच निगेटिव्हला (उजेड तिथे काळं, सावली तिथे पांढरं) मागून मेण लावून सायनोटाइप छापतो, म्हणजे लोहक्षारांचं द्रावण लावलेल्या कागदावर उन्हात निळी छाप. पण झाडाखालचा बाक नुसता निळा गोळा होतो आणि मागच्या चुन्याच्या भिंतीचा एक पोपडाही दिसत नाही. छपाईचा वेळ वाढवला की भिंत जरा येते, बाक पार बुडतो. द्रावणात डायक्रोमेटचे (क्रोमियमच्या क्षाराचे) थेंब घालायचा सल्ला मिळालाय. घालू का?

काचेखाली:
नका घालू. डायक्रोमेटने कॉन्ट्रास्ट वाढतो, तुम्हाला तर कमी करायचाय. शिवाय ते कर्करोगकारक आहे.

निगेटिव्ह नीट बघा. बाकाच्या जागी कागद कोराच असेल तर छापणार काय? कॅमेऱ्यात घालण्याआधी कागदाला प्री-फ्लॅश द्या, म्हणजे आधीच किंचितसा प्रकाश दाखवा. सेफलाइटमध्ये (कागदावर परिणाम न करणाऱ्या लाल उजेडात) त्याच कागदाची एक पट्टी घ्या, वर अगदी मंद दिवा लावा, पुठ्ठा सरकवत दोन-दोन सेकंद वाढवत जा, मग डेव्हलप करा. पहिली राखाडी झाक जिथे उमटेल, त्याच्या किंचित अलीकडचा वेळ धरा. एवढ्या प्रकाशाने एरवी काहीच उमटत नाही, पण सावलीतला तुटपुंजा प्रकाश त्यात मिळाला की कागद बोलू लागतो. भिंतीवर मुळातच भरपूर प्रकाश, तिथे फरक जाणवत नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ट्रेमध्ये सायकलच्या चाकाच्या तारा एकेक करून वर आल्या. त्याआधीच्या सगळ्या निगेटिव्हवर तिथे कोरा डाग होता. मी बराच वेळ ट्रेपाशीच उभा होतो.

निळीशाई:
भिंतीसाठी पिनहोलपुढे पिवळा फिल्टर लावा. हा कागद निळ्या प्रकाशात कडक वागतो (कॉन्ट्रास्ट जास्त), हिरव्यात मऊ, आणि मोकळ्या आभाळाखाली निळा भरपूर असतो. एक्स्पोजर वाढवावं लागेल. डेव्हलपरही (कागदावर चित्र उमटवणारं रसायन) पातळ करा, कॉन्ट्रास्ट उतरतो.

छाप धुताना पहिलं पाणी व्हिनेगर घातलेलं घ्या. साध्या पाण्यात वाहून जाणाऱ्या फिकट छटा टिकतात.

पेटीवाला:
डायक्रोमेट रद्द. पट्टीवर झाक आठव्या सेकंदाला आली, म्हणून सहा धरले. बाकाच्या चारही फळ्या दिसतात, मधल्या एकीचा तडासुद्धा! भिंत अजून कोरी आहे. फिल्टर उद्या लावून बघतो.